कललेला थर

१

काचेच्या नळकांड्यात रात्रभरात गाळाचे तीन थर बसले होते. तळाशी वाळू आणि जाडा गाळ, वरून सपाट. त्यावर बारीक तपकिरी गाळ, नदीच्या बाजूला साडेचार मिलिमीटर, काठाच्या बाजूला तीन. सगळ्यांत वर सायीसारखा पातळ थर, पुन्हा सगळीकडे सारखा. नळकांडं सहा सेंटिमीटर रुंद होतं. मी पट्टी पुसून पुन्हा मोजलं. मधल्या थराचा दीड मिलिमीटरचा फरक तसाच राहिला.

वरचा सपाट, खालचा सपाट आणि मधला कललेला, असं का, याचा विचार मी त्या वेळी पुरा केला नाही. बाहेर भांडण चाललं होतं.

या तरंगत्या हॉटेलात मी नदीचा गाळ मोजायला आले होते. त्याला पाच दिवस झाले होते. बांबूच्या सहा तराफ्यांवर सहा झोपड्या, मधे जेवणघराचा मोठा तराफा, आणि सगळं काठाशी जाड दोरांनी बांधलेलं. वीज नाही, नळ नाही, फोनला रेंज नाही. बादलीने पाणी काढायचं आणि कंदिलावर वाचायचं. आमच्या बाजूचा काठ म्हणजे नुसता उभा कडा. रस्ता, गाव, दवाखाना सगळं पैलतीरावर. तिथून होडी बोलवायची तर एकच साधन होतं, जेवणघराबाहेर पाण्यावर काढलेल्या तुळईला टांगलेली पितळी घंटा. ती वाजली की पैलतीरावरचा नावाडी यायचा.

ती घंटा नाहीशी झाली होती.

"सहाला वाजवायला गेलो, तर नुसती तुळई!" आचारी हात नाचवत सांगत होता. "मला वाटलं, मीच अजून झोपेत आहे."

मालकीण जेवणघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांना सगळे माई म्हणत. साठी ओलांडलेल्या, सडसडीत, आवाज कधीही न चढवणाऱ्या. त्यांचं लक्ष घंटेच्या तुळईकडे नव्हतं, पाण्यात रोवलेल्या खुणेच्या काठीकडे होतं. काल पाणी अकराव्या खुणेवर होतं. आता चौदाव्या. पंचविसावी खूण लाल होती.

"वर कुठेतरी पाऊस झालाय," त्या म्हणाल्या. "घंटेशिवाय मी माणसं पाण्यावर ठेवणार नाही. बाराच्या होडीने सगळे पाहुणे पलीकडे जातील. तोवर घंटा सापडली तर ठीक. नाहीतर हे हॉटेल आजपासून बंद. कायमचं."

"आत्या!" चिमणीच्या हातातली बादली हिंदकळली. चिमणी म्हणजे माईंची भाची, नावाड्याची मुलगी. नाव चिमणी, पण दोन भरल्या बादल्या एका हातात उचलायची. दोर, तराफे, खोल्या, वाढणं, सगळं तिच्याकडे, राहणंही इथेच. हॉटेल बंद म्हणजे तिला ना काम, ना घर.

नावाडी सकाळचं दूध घेऊन आलेला होता. तो पुढे झाला. "घंटेवाचून काय अडतंय? काठीला पांढरं फडकं बांधा. दिसलं की मी निघालोच."

"दादा, धुक्यात फडकं दिसतं का?" माई म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळल्या. "गाळवाल्या बाई, तुम्ही मोजूनमापून बोलता. माझं डोकं आज जागेवर नाही. तुम्ही विचारा सगळ्यांना. बारापर्यंत वेळ आहे."

मी तुळईजवळ गेले. घंटेचा दोर कापलेला नव्हता. गाठ सोडून, दोराचं नीट वेटोळं करून कोणीतरी ते खुंटीला अडकवून ठेवलं होतं.

चोरी करताना घर आवरून जाणारा चोर मी पहिल्यांदाच पाहत होते.

२

पहिला संशय जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यावर होता. आल्यापासून त्याने ती घंटा तीनदा मागितली होती. तो आपली बॅग पलंगावर उपडी करून बसला होता.

"बघा, शोधा! मोज्यातसुद्धा बघा. साठ किलोची घंटा मी मोज्यातून नेणार आहे."

"साठ किलो कशावरून?"

"धंदा आहे माझा. बघितली की वजन कळतं." मग त्याने पाय पुढे केला. पायात बिननाडीचे बूट होते. "आणि बाई, मला बुटाची गाठसुद्धा सुटत नाही. बायको हसते. तो दोर मी सोडवला असता, तर सकाळी तुम्हाला दोरात अडकलेला व्यापारी सापडला असता."

"काल जेवताना उठला होतात?"

"डास चावतात म्हणून चारी बाजूंच्या चटया खाली सोडलेल्या. त्या कोंडवाड्यातून उठून जाणार कुठे? तुमच्या समोरच तर बसलो होतो."

ते खरं होतं. सात ते आठ जेवण. टेबलाशी मी, व्यापारी, हेडमास्तर, त्यांची पत्नी आणि माई. चिमणी वाढत होती. आचारी आत पूर्ण वेळ गात होता. दुर्दैवाने ते सगळ्यांनी ऐकलं होतं.

हेडमास्तर निवृत्त होते, पण चेहऱ्यावरून अजून तास चालू होता. घंटेबद्दल त्यांनी दोन लेखी तक्रारी दिल्या होत्या.

"सकाळी सहाला माणसाच्या कानाशी ठणाणा करायचा, याला मी आतिथ्य म्हणत नाही," ते म्हणाले. "पण चोरी? अहो, परवापासून तीच घंटा आमचा आधार आहे."

त्यांच्या पत्नी उशीला टेकून बसल्या होत्या. परवा दुपारी त्यांना दम्याचा जोराचा झटका आला होता, तेव्हा मी नमुने आणायला गेले होते.

"वीस मिनिटं वाजवत होते हे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "हाताला फोड आले बघा. एरवी माझ्यासाठी एक पेला उचलायचे नाहीत."

"पुरे," मास्तर म्हणाले, पण हात लपवला.

"होडी वीस मिनिटांनी आली?"

"निघायलाच वीस मिनिटं लागली. नावाडी म्हणाला, वारा उलटा होता." त्यांनी क्षणभर डोळे मिटले. "अजून पाच मिनिटं गेली असती, तर आज तुम्ही यांना एकट्यांनाच प्रश्न विचारत असता."

बाहेर पाणी सोळाव्या खुणेला लागलं होतं.

३

आचारी कांदे चिरत होता आणि घंटेसाठी रडतोय असं सांगत होता.

"मी कशाला चोरू? घंटा वाजवणं हे माझं दिवसातलं एकमेव मानाचं काम. बाकी सगळं कांदे."

"आज ती वाजलीच नाही. मग दूध कसं आलं?"

"तेच तर!" तो हसला. "घंटा असो नसो, आमच्या नावाड्याचं दूध वेळेवर. सहा वाजून दहा मिनिटांनी हजर. मी चूल पेटवली, धूर वर गेला, की दहाव्या मिनिटाला होडी. घड्याळ लावावं माणसावर." मग सुरी थांबवून तो म्हणाला, "बाई, नीट शोधा हं. या वयात दुसऱ्या स्वयंपाकघरात कोण घेणार मला?"

नावाडी होडीत बसून वल्ह्याला तेल चोळत होता. मी पाठीमागून हाक मारली. त्याने पाहिलं नाही. मी वळसा घालून समोर गेले, तेव्हा तो लगेच उठून उभा राहिला आणि माझ्या तोंडाकडे नीट पाहू लागला. तो सगळ्यांशीच असं बोलायचा. मला ती त्याची अदब वाटली होती.

"काल संध्याकाळी तुम्ही आला होतात?"

"आलो की. कंदिलाचं तेल, भाजी. तुम्ही सगळे जेवत होतात. सामान ठेवलं आणि गेलो."

"तेव्हा घंटा जागेवर होती?"

"अंधार पडला होता." त्याने वल्हं खाली ठेवलं. "आमच्या वडिलांच्या होडीवरची घंटा आहे ती. त्यांनी मला वल्हं दिलं आणि माईला घंटा. दोन्हीवर हे हॉटेल उभं राहिलं."

"परवा तुम्हाला उशीर झाला."

"वारा उलटा होता," तो म्हणाला आणि नदीकडे पाहू लागला.

"चिमणी चालवते का होडी?"

"हात चांगला आहे तिचा. दोन वर्षं मागे लागलीय. म्हटलं, पाहू." तो थोडा हसला. "वल्हं सोडलं की नावाड्याचं काय उरतं, बाई? नुसता ओला माणूस."

मी खोलीत परतले आणि वही उघडली. नमुना घेताना मी हवाही लिहून ठेवते. परवा दुपारची नोंद माझ्याच अक्षरात होती: *वारा नाही. चुलीचा धूर सरळ वर.*

मी वही मिटली. त्यातून काय निघतं ते मला दिसत होतं, पण ते मला नको होतं. मी पुन्हा नळकांड्यापाशी गेले. निदान गाळाला कोणी भाऊ, मुलगी नसते.

४

काल संध्याकाळी साडेसहाला मी ते नळकांडं हलवून टेबलावर ठेवलं होतं. वाळू मिनिटांत बसते. जाड्या गाळाला तासभर लागतो. बारीक गाळ रात्रभर उतरत राहतो. पहिला तास सपाट होता, म्हणजे तेव्हा खोली सपाट होती. रात्रीचा थर एका अंगाला जाड होता. म्हणजे साडेसातच्या सुमारास, मी जेवत असताना, माझी खोली नदीच्या बाजूला कलली आणि रात्रभर तशीच राहिली. आता आठवलं, रात्री माझी पेन्सिल टेबलावरून दोनदा घरंगळली होती. मी लाटेला दोष दिला होता.

आणि पहाटे खोली पुन्हा सपाट झाली. आपोआप? तराफा आपोआप कलू शकतो. आपोआप सरळ होत नाही.

प्रत्येक तराफ्याच्या दोन्ही कडांना एकेक लाकडी पेटी असते. त्यांत गोटे. पाहुण्याची ट्रंक जड निघाली की चिमणी उंबऱ्यावर पाणसळ ठेवते आणि आतला बुडबुडा मधोमध येईपर्यंत गोटे इकडचे तिकडे करते. रोज पहाटे ती सगळ्या तराफ्यांना एक फेरी मारते. कललेली खोली तिला सहन होत नाही. मी आले तेव्हा तिने माझ्या पेट्यांत सहा-सहा गोटे ठेवले होते. ते मी वहीत लिहिलं होतं.

मी पेट्या उघडल्या. काठाच्या बाजूला अकरा. नदीच्या बाजूला एक.

पाच गोटे हलले होते. नदीच्या बाजूचे पाच कमी, काठाच्या बाजूला पाच जास्त, म्हणजे दहा गोट्यांचा फरक. नमुन्यांच्या काट्यावर मी एक गोटा तोलला. सहा किलो. दहा गोटे म्हणजे साठ किलो.

साठ किलोचं काहीतरी माझ्या खोलीच्या नदीकडच्या कडेला होतं, आणि ते खोलीत नव्हतं.

मी बाहेरच्या अरुंद फळीवर पालथी झोपले आणि हात बांबूंच्या खाली घातला. पाणी गार होतं आणि जोरात ओढत होतं. बोटं आधी शेवाळावर घसरली. मग एक दोर लागला. ताणलेला, सरळ खाली गेलेला, वीणेच्या तारेसारखा थरथरणारा.

मागे फळी करकरली.

"बाई," चिमणीचा आवाज आला, "तो दोर सोडू नका."

५

ती माझ्या शेजारी उकिडवी बसली.

"मीच केलं," ती म्हणाली. "मी टांगते परत. बाराच्या आत. कोणाला सांगू नका."

"काल सात ते आठ तू माझ्या ताटात दोनदा मासा वाढलास. तिसऱ्यांदा आग्रह केलास. तू नाही केलंस."

तिने दोराकडे पाहिलं.

"पहाटे तू फेरी मारलीस. ही खोली कललेली दिसली. हात घातलास तर दोर लागला. आणि त्या दोराची गाठ तुला ओळखीची होती. सांगावं की नाही, ते तुला ठरवता येईना. पण खोली कललेली ठेवणं तुला जमेना. म्हणून गोटे हलवलेस."

"पाहुणे होतात तुम्ही," ती पुटपुटली. "पाहुण्याला कललेल्या खोलीत कसं ठेवायचं?"

ते ऐकून मला हसू आलं नाही. गोटे तिथेच राहिले असते, तर मला काही कळलं नसतं. पाणी ओसरेपर्यंत मी रोज गाळ मोजत बसले असते.

"दोर न कापता सोडला, वेटोळं करून ठेवलं," मी म्हणाले. "चटया खाली असताना होडी तुळईखाली आणली. वाजू नये म्हणून घंटेच्या लोलकाला काहीतरी बांधलं असणार. असं करू शकणारा माणूस त्या वेळी एकच मोकळा होता. आज घंटा वाजली नाही, तरी तो दूध घेऊन वेळेवर आला, कारण तो घंटेवर येतच नाही. चुलीच्या धुरावर येतो. परवा दुपारी चूल चालूच होती. धुरात नवीन काहीच नव्हतं. म्हणून तो आला नाही. वारा नव्हता, चिमणे. माझ्याकडे लिहिलेलं आहे."

"तुझ्या वडिलांना कधीपासून ऐकू येत नाही?" मी विचारलं.

"दोन पावसाळे झाले," ती म्हणाली. "जवळचं, जाड आवाजातलं येतं. लांबचं नाही. परवाही मीच इथून चादर हलवली, शेवटी. तेव्हा दिसलं त्यांना." तिने डोळे पुसले. "त्यांना वाटलं, घंटाच नसली तर सगळे फडकं लावतील. फडकं दिसतं त्यांना. डोळे घारीसारखे आहेत अजून. आजोबांची घंटा गाळात टाकवेना, म्हणून बांधून ठेवली. बाई, होडी गेली तर ते मरतील."

"आणि मास्तरीणबाईंना रात्री झटका आला तर? धुक्यात आला तर?"

तिने पाण्याकडे पाहिलं. खुणेची काठी आमच्यासमोरच होती. वीस.

"आज बारापर्यंत माईंना काय सांगायचं ते तू ठरव," मी म्हणाले. "मी खोटं बोलणार नाही. पण आधी मीही बोलणार नाही."

माझं हे बोलणं मला तेव्हा न्याय्य वाटलं होतं. आता वाटतं, मी माझ्या वाटचं ओझं एका मुलीच्या पेटीत सरकवलं.

ती उठली, आचाऱ्याला हाक मारली, आणि दोघांनी मिळून दोर ओढला.

६

पावणेबाराला घंटा तुळईवर होती. तिच्यातून पाणी ठिबकत होतं. सगळे बॅगा घेऊन जेवणघरात जमले होते. आचाऱ्याने लोलकाला बांधलेलं फडकं सोडलं आणि ते माईंपुढे धरलं. कंदिलाच्या तेलाचा वास येत होता त्याला.

"कुठे होती?" माईंनी विचारलं.

"गाळवाल्या बाईंच्या खोलीखाली," चिमणी म्हणाली.

"कोणी ठेवली?"

चिमणीने पैलतीराकडे पाहिलं. व्यापारी म्हणाला, "मी नाही, एवढं तरी लिहून द्या कोणीतरी."

नावाडी पैलतीरावर होता. बाराच्या फेरीची तयारी करत होता. आमच्याकडे पाठ करून होडीतलं पाणी उपसत होता. माईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग घंटेकडे, मग भाचीकडे. त्या पुढे गेल्या आणि त्यांनी स्वतः दोर ओढला.

घंटा वाजली. एवढ्या जवळून मी ती पहिल्यांदाच ऐकत होते. छातीत घुमली. काठावरच्या झाडातले पक्षी उडाले. पैलतीरावर एक म्हैस मान वर करून आमच्याकडे पाहू लागली.

नावाडी पाणी उपसत होता.

माई वाजवत राहिल्या. दहा. पंधरा. हेडमास्तर मोजत होते, ओठ हलत होते. विसाव्या ठोक्याला त्यांच्या पत्नीने त्यांचा फोड आलेला हात घट्ट धरला. आचाऱ्याने तोंड फिरवलं. पैलतीरावर नावाड्याने डबा खाली ठेवला, कंबर सरळ केली, आकाशाकडे पाहून वेळेचा अंदाज घेतला, आणि पुन्हा वाकला.

माईंचा हात दोरावरच थांबला.

"आत्या," चिमणी म्हणाली. तिने टेबलावरची पांढरी चादर ओढली आणि दोन्ही हातांनी वर धरली.

नावाडी लगेच वळला. हात हलवला. होडी निघाली.

पाणी बावीसवर होतं आणि प्रवाह जोराचा होता, तरी त्याची होडी एका रेषेत आली. तेवढं मात्र मी कुठेही लिहून देईन. तो तराफ्यावर चढला, आणि त्याला तुळईवरची घंटा दिसली. ती अजून मंद झुलत होती. पितळेवरून पाण्याचे थेंब गळत होते.

त्याने एकेकाचा चेहरा पाहिला. चेहरे वाचण्याची त्याला दोन वर्षांची सवय होती.

"वाजत होती का?" त्याने विचारलं.

माईंचे ओठ हलले. "दादा..."

"किती वेळ?"

उत्तर मास्तरीणबाईंनी दिलं. त्या उठून त्याच्या अगदी समोर गेल्या, म्हणजे त्याला दिसाव्यात. "बराच वेळ, भाऊ. परवासारखीच."

तो त्यांच्याकडे पाहत राहिला. मग खाली बाकावर बसला. वल्हं अजून हातात होतं. त्याने अंगठ्याने त्याची मूठ पुसली, जिथे लाकूड झिजून हाताच्या आकाराचं झालं होतं.

"परवा तुम्हाला होडीत घेतलं, तेव्हा तुमचे ओठ निळे होते," तो म्हणाला. "तेव्हाच बोलायला हवं होतं. त्याआधीही. दोन वर्षं झाली, रोज ठरवून निघतो. पाण्यावर आलं की वाटतं, आज नको." त्याने माईंकडे पाहिलं. "घंटा मीच लपवली, माई. हॉटेल बंद करू नकोस. चूक घंटेची नाही."

माई त्याच्या शेजारी बसल्या. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यांना माहीत होतं, पुढचं वाक्य त्यांचं नव्हतं.

चिमणी चादर छातीशी धरून उभी होती. त्याने तिला जवळ बोलावलं. वल्हं आडवं करून दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरलं. तिने ते घेतलं नाही. मान हलवत राहिली.

"घे," तो म्हणाला. आवाज गरजेपेक्षा मोठा होता, ज्यांना स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही त्यांचा असतो तसा. नदीच्या पलीकडेही तो गेला असेल. "आजपासून होडी तुझी."